आडवा मेंदू ओरडतो, आरशातला गप्प राहतो : एमआरआय जुळवण्याआधी दिशा कशी तपासायची

"ताई, मेंदू आडवा पडलाय. उभाच राहत नाही."

रात्री अकराचा फोन. पोरगा लोकमान्य नगरचा, एम.टेक.चा प्रबंध करतोय. इंदूरमधल्या तीन सेंटरांतून स्ट्रोकच्या रुग्णांचे सतरा एमआरआय त्याने मिळवले होते आणि ते सगळे एका टेम्प्लेटवर, म्हणजे नमुन्याच्या मेंदूवर, बसवायचे होते. मी म्हटलं, उद्या ये, आणि तोवर काही फिरवू नकोस. सकाळी तो रामबागेत माझ्याकडे आला तेव्हा चेहरा खुललेला होता. पोह्यांचा पुडा टेबलावर ठेवत म्हणाला, "झालं ताई. रात्रीच फिरवून सरळ केला. आता मस्त बसतोय."

मस्त बसत होता खरंच. कडा कडांवर, व्हेंट्रिकल (मेंदूतली पोकळी) व्हेंट्रिकलवर. मी फक्त रिपोर्ट मागितला. रुग्णाचा उजवा हात-पाय लुळा, म्हणजे घाव मेंदूच्या डाव्या बाजूला हवा, आणि रिपोर्टातही डावी बाजूच लिहिलेली. पडद्यावर तो उजवीकडे होता.

आडवा पडलेला, उलटा टांगलेला, नाक मागे गेलेला मेंदू डोळ्याला लगेच खुपतो. डावं-उजवं उलटलेला मेंदू खुपत नाही, कारण मेंदू दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा असतो. रजिस्ट्रेशनचं, म्हणजे एक स्कॅन दुसऱ्यावर जुळवण्याचं, सॉफ्टवेअर तो आनंदाने जुळवून देतं, आकडेही छान येतात. म्हणून खाली जी पद्धत सांगते आहे तिचा सगळा जोर या एकाच गोष्टीवर आहे : मेंदू सरळ करताना तो नकळत आरशात जाऊ नये.

फिरवणं वेगळं, उलटवणं वेगळं

डाव्या पायातली चप्पल कितीही गोल फिरवा, उजव्या पायात नीट बसत नाही. फिरवण्याने डावी वस्तू उजवी कधी होत नाही. तसं होतं एखादा अक्ष एकटाच उलटा केल्यावर, किंवा दोन अक्षांची फक्त अदलाबदल केल्यावर. दोन अक्ष एकदम उलटे केले तर ते १८० अंशांत फिरवणंच झालं, त्यात धोका नाही. एक किंवा तीन उलटे केले की आरसा.

निफ्टी (मेंदूच्या स्कॅनसाठी संशोधनात चालणारा फाइलचा प्रकार) फाइलमध्ये व्हॉक्सेलचे, म्हणजे चित्राच्या बारीक घन कणांचे, तीन क्रमांक खऱ्या डोक्यातल्या कोणत्या दिशेला जातात हे तीन अक्षरांत सांगतात. आरएएस म्हणजे पहिला अक्ष उजवीकडे वाढतो, दुसरा पुढे, तिसरा वर. एलएएस म्हणजे पहिला डावीकडे, बाकी तेच. हे पाठ करण्यापेक्षा हातावर बघा. उजवा तळहात आकाशाकडे करा, अंगठा उजवीकडे, तर्जनी समोर, मधलं बोट वर. हा आरएएस. डावा हात तसाच धरलात तर अंगठा डावीकडे जातो आणि एलएएस मिळतो. कोणतीही तीन अक्षरं घ्या, ती दोनांपैकी एकाच हातावर बसतात. हात बदलला की आरसा झाला. गणितात हेच, त्या क्रमांकांवरून डोक्यातली जागा काढणाऱ्या मॅट्रिक्सच्या (त्यालाच ॲफाइन म्हणतात) डिटरमिनंटचं चिन्ह : धन असेल तर उजवा हात, ऋण असेल तर डावा. एफएसएल या मेंदूचित्रांच्या सॉफ्टवेअरवाले धनाला न्यूरोलॉजिकल आणि ऋणाला रेडिओलॉजिकल म्हणतात. दोन्ही बरोबर आहेत. चूक होते ती फाइलमधले आकडे एका हाताचे आणि हेडर (फाइलला जोडलेली माहिती) दुसऱ्या हाताचं असलं की.

पोराचं नेमकं काय झालं ते सांगते, कारण ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता राग येत नाही. टी-वन (एमआरआयचा एक प्रकार) स्कॅन सॅजिटल, म्हणजे बाजूने कापांत, घेतलेला. डायकॉममधून (स्कॅनरच्या मूळ फाइलींतून) बदलून आलेली फाइल पीएसआर होती : पहिला अक्ष मागे, दुसरा वर, तिसरा उजवीकडे. हातावर लावून बघा, अंगठा मागे, तर्जनी वर, मधलं बोट उजवीकडे, हा डावा हात. पोराने पायथॉनमध्ये चित्राची उजळता सारखी केली आणि नवी फाइल साठवताना ॲफाइनच्या जागी चार बाय चारचा एकक मॅट्रिक्स टाकला, कारण नेटवर सापडलेल्या उदाहरणात तसंच होतं. एकक मॅट्रिक्स म्हणजे फाइल आरएएस असल्याची जाहीर घोषणा. डाव्या हाताच्या आकड्यांवर उजव्या हाताची चिठ्ठी लागली. टाळू पुढे आली, उजवा कान वर गेला. एवढं त्याला दिसलं आणि त्याने फिरवून सरळ केलं. आरसा मात्र फिरवण्याने जात नाही, तो तसाच आत राहिला.

पहिलं काम : मूळ डायकॉम हातात घ्या

सेंटरवाले बहुतेक वेळा सीडी देतात. त्यातल्या जेपीजी चित्रांचा इथे काही उपयोग नाही, डायकॉम फाइली लागतात. कोणी आधीच निफ्टी करून दिलं असेल तरी मूळ डायकॉम मागा. जुनी ॲनालाइझ जोडी मिळाली, म्हणजे एक हेडर आणि एक चित्राची फाइल, तर जास्तच सावध राहा. त्या फॉरमॅटमध्ये डावं-उजवं खात्रीने सांगण्याची सोयच नीट नव्हती, प्रत्येक सॉफ्टवेअर आपापला अर्थ लावत असे. निफ्टी फॉरमॅट आला तो बऱ्याच अंशी याच गोंधळापायी.

डायकॉममध्ये दिशेचे तीन टॅग कामाचे. (००२०,००३७) मध्ये रांग आणि स्तंभ कोणत्या दिशेने धावतात ते, (००२०,००३२) मध्ये स्लाइसचा पहिला कोपरा कुठे आहे ते, आणि (००१८,५१००) मध्ये रुग्णाला कसं झोपवलं ते. शेवटच्यात बहुधा एचएफएस असतं, म्हणजे डोकं आधी आत आणि पाठीवर झोपलेला. हा टॅग यंत्र स्वतः बघून भरत नाही, कन्सोलवरचा माणूस निवडतो. पालथं निवडलं गेलं आणि रुग्ण उताणा असला तर डोकं-पाय रेषेभोवती सगळ्या दिशा १८० अंशांनी फिरलेल्या नोंदल्या जातात : नाक मागे, आणि सोबत डावं-उजवंही बदललेलं. हे फिरणं आहे, आरसा नाही, म्हणून दोन्ही अक्ष एकत्र फिरवले की ठीक होतं. पण माणसाला दिसतं फक्त नाक. तो पुढे-मागेचा एकच अक्ष उलटा करतो, नाक पुढे येतं, आणि डावं-उजवं चुकीचंच राहून जातं.

नाव-गाव काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फाइली आलेल्या असतील तर नावासोबत हे टॅगही गेले नाहीत ना हे बघून घ्या.

दुसरं काम : बदलायला एकच अवजार

सगळ्या स्कॅनसाठी डायकॉमचं निफ्टी करणारा एकच कन्व्हर्टर आणि त्याचीही एकच आवृत्ती. मी डीसीएम-टू-निक्स वापरते. डायकॉमचे अक्ष निफ्टीपेक्षा वेगळे आहेत : डायकॉममध्ये एक्स डावीकडे आणि वाय मागे वाढतो, निफ्टीत एक्स उजवीकडे आणि वाय पुढे. झेड दोन्हीकडे वरच. हा हिशोब कन्व्हर्टर करतो. तो स्वतः पायथॉनमध्ये लिहायच्या भानगडीत पडू नका. मी एकदा पडले होते, आठवडा गेला.

मूळ निफ्टी एका फोल्डरमध्ये ठेवून त्याला फक्त वाचण्याची परवानगी द्या. पुढचं सगळं नकलेवर.

तिसरं काम : हेडर वाचा, चित्र नंतर

इथे सावकाश जा. निफ्टी-१ चं हेडर ३४८ बाइटांचं असतं आणि त्यात दिशा दोन ठिकाणी लिहिलेली असते, क्यूफॉर्म आणि एसफॉर्म. प्रत्येकाला एक कोड असतो. शून्य म्हणजे यावर भरवसा ठेवू नका, १ म्हणजे स्कॅनरची मूळ जागा, २ म्हणजे दुसऱ्या चित्राशी जुळवलेलं, ३ म्हणजे टॅलेराख, ४ म्हणजे एमएनआय (दोन्ही ठरलेले प्रमाण मेंदू-नकाशे). एफएसएलच्या एफएसएलएचडी या कमांडने सगळं दिसतं. पायथॉनमध्ये निबॅबल या लायब्ररीला ॲफाइनवरून तीन अक्षरं विचारता येतात.

बघायच्या गोष्टी अशा. दोन्ही कोड शून्य असतील तर फाइलला दिशाच माहीत नाही, पडद्यावर जे दिसतंय तो सॉफ्टवेअरचा अंदाज आहे. दोन्ही कोड शून्याखेरीज आहेत पण दोन मॅट्रिक्स वेगळं सांगतायत, तर मधे कोणीतरी एकच बदलून ठेवला आहे, आणि एक सॉफ्टवेअर क्यूफॉर्म वाचेल, दुसरं एसफॉर्म. मग एफएसएलमध्ये बरोबर दिसणारी फाइल दुसरीकडे भलतीच दिसते आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. आणि मॅट्रिक्सच्या कर्णावर नुसते १ आणि शेवटच्या स्तंभात शून्य दिसले, तर आमच्या पोरासारखं कोणीतरी एकक मॅट्रिक्स चिकटवून गेलं आहे.

मॅट्रिक्स वाचायची सवय नसेल तर एफएसएलसोबत येणाऱ्या दोन मिलिमीटरच्या एमएनआय टेम्प्लेटवर करा. त्याचा आकार ९१ × १०९ × ९१. पहिली ओळ : −२, ०, ०, ९०. दुसरी : ०, २, ०, −१२६. तिसरी : ०, ०, २, −७२. पहिल्या ओळीचा अर्थ असा की पहिला क्रमांक शून्य असताना तुम्ही मध्यरेषेच्या उजवीकडे ९० मिलिमीटरवर आहात आणि दर पावलाला दोन मिलिमीटर डावीकडे सरकता. पहिल्या अक्षात ४५, दुसऱ्यात ६३, तिसऱ्यात ३६ टाकून बघा, तिन्ही ओळी शून्यावर येतात. टेम्प्लेटचा मूळबिंदू तिथे आहे. तीन कर्णसंख्यांचा गुणाकार −८, ऋण, म्हणजे डावा हात, एलएएस. कागदावर एकदा केलंत की पुढे कोणतंही हेडर परकं वाटत नाही.

स्लाइस तिरप्या घेतलेल्या असतील तर कर्णाबाहेरही आकडे दिसतील. ते बरोबर आहे, घाबरून पुसू नका.

एक खोडी सांगून ठेवते. निबॅबल आणि एफएसएलवाले अक्ष कुठे *जातो* ते लिहितात. एएफएनआय आणि आयटीके-स्नॅप ही सॉफ्टवेअर कुठून *येतो* ते लिहितात. तीच फाइल एकीकडे एलपीएस (डावीकडे, मागे, वर जातो) आणि दुसरीकडे आरएआय (उजवीकडून, पुढून, खालून येतो) म्हणून दिसेल. दोन पडद्यांवर वेगळी अक्षरं बघून एका विद्यार्थिनीने चांगल्या तीस फाइली "दुरुस्त" केल्या होत्या.

चौथं काम : सरळ करा, पण हेडरला सोबत घेऊन

हेडर बरोबर आहे आणि फक्त अक्षांचा क्रम गैरसोयीचा आहे, तर एफएसएलचं रिओरिएंट-टू-एसटीडी वापरा किंवा निबॅबलचं जवळच्या कॅनॉनिकल, म्हणजे आरएएस, रूपात आणणारं फंक्शन. दोन्ही व्हॉक्सेल हलवतात तसं मॅट्रिक्सही बदलतात आणि इंटरपोलेशन (मधल्या किमतींचा अंदाज) करत नाहीत, म्हणून चित्राचा एक कणही बिघडत नाही. रिओरिएंट-टू-एसटीडी ९०, १८०, २७० अंशांतच फिरवतं आणि डावं-उजवं उलटवत नाही. त्याच्या नावाने फसून लोक त्याला रजिस्ट्रेशन समजतात. ते नुसतं पाटावर नीट बसवणं आहे.

हेडर चुकीचं आहे, तर पुन्हा दुसऱ्या कामावर जा आणि डायकॉममधून नव्याने करा. दहातल्या नऊ वेळा एवढंच पुरतं.

डायकॉमच नसतील आणि हाताने करणं भागच असेल, तर एफएसएलच्या दोन कमांड नीट समजून घ्या. एफएसएलस्वॅपडिमने पहिला अक्ष उलटा केला तर चित्र उलटतं. एफएसएलओरिएंटच्या स्वॅपओरिएंट पर्यायाने हेडरमधला हात बदलतो. दोन्ही केलं तर डोक्याचं डावं-उजवं जागच्या जागी राहतं, फक्त साठवण्याची तऱ्हा बदलते. एकच केलं तर आरसा. अशा उलटवण्याआधी स्वॅपडिम डावं-उजवं बदलत असल्याची सूचना छापतं, आणि ती टर्मिनलमध्ये वर सरकून जाते. सतरा फाइलींचा लूप चालवलात तर सतरा वेळा सरकून जाते.

स्कॅन डिफ्यूजनचा (मेंदूतल्या पाण्याची हालचाल मोजणारा) असेल तर ग्रेडियंटच्या दिशांची वेगळी फाइल असते. चित्र फिरवलं म्हणून ती आपोआप फिरत नाही. टेन्सर (प्रत्येक व्हॉक्सेलमधल्या हालचालीची दिशा) काढून कॉर्पस कॅलोसमवर, म्हणजे दोन गोलार्ध जोडणाऱ्या पुलावर, रेघा बघा, त्या आडव्या एका गोलार्धातून दुसऱ्यात जायला हव्यात.

पाचवं काम : आता रजिस्ट्रेशन

सगळी सॉफ्टवेअर सुरुवात एकाच जागेवरून करत नाहीत, आणि हे ठाऊक नसल्याने दिवस वाया जातात. एसपीएम आणि अँट्स हेडरवरून सुरुवात करतात. हेडरमध्ये मेंदू टेम्प्लेटपासून वीतभर लांब असेल तर त्यांना तो सापडतच नाही. एसपीएममध्ये डिस्प्ले उघडून अँटेरिअर कमिशरवर (मेंदूच्या मध्यातली एक छोटी खूण) क्लिक करा आणि तिथे मूळबिंदू लावा, दोन मिनिटांचं काम आहे. अँट्समध्ये सुरुवातीचं रूपांतर वस्तुमानकेंद्रावरून घ्यायचा पर्याय द्या.

एफएसएलचं फ्लर्ट मात्र हेडरमधली जागा मुळातच धरत नाही, व्हॉक्सेलचा आकार आणि हात एवढंच घेतं. ते प्रत्येक अक्षाभोवती −९० ते ९० अंशांत शोधतं. म्हणून हेडर अगदी शुद्ध असलेली पीएसआर फाइल फ्लर्टमध्ये अडकू शकते आणि अँट्समध्ये सहज बसू शकते, किंवा नेमकं उलटही होऊ शकतं. फ्लर्टच्या आधी रिओरिएंट-टू-एसटीडी चालवायचं ते यासाठी. शोध −१८० ते १८० पर्यंत वाढवता येतो, पण ती माझी शेवटची पायरी, कारण त्याने खालचं दुखणं झाकलं जातं.

एकाच रुग्णाचे दोन स्कॅन जोडताना ६ डिग्री ऑफ फ्रीडम (नुसतं सरकवणं आणि फिरवणं), टेम्प्लेटवर नेताना १२ (सोबत ताणणं आणि कलवणं) आणि त्यानंतर नॉन-लिनिअर (जागोजागी वेगळं ताणणं). आत्ता त्याच्या खोलात जात नाही. मान फार आली असेल तर आधी एफएसएलच्या रोबस्टएफओव्हीने कापा. कवटी काढलेला मेंदू कवटी काढलेल्या टेम्प्लेटवरच बसवा, अख्खं डोकं अख्ख्या डोक्यावर.

फ्लर्टचा मॅट्रिक्स उचलून अँट्स किंवा एसपीएममध्ये टाकू नका. फ्लर्ट स्वतःच्या मिलिमीटरांत मोजतं, आणि डिटरमिनंट धन असेल तर आत एक्स अक्ष उलटा करून मोजतं. आकडे दिसायला सारखे, अर्थ वेगळा.

घावाचा मास्क (घावाची जागा आखलेली फाइल) असेल तर त्याला तेच रूपांतर लावा, इंटरपोलेशन निअरेस्ट नेबर (जवळच्या व्हॉक्सेलची किंमत जशीच्या तशी). आणि मास्कचं हेडर चित्राच्या हेडरशी अक्षरशः सारखं आहे का ते आधी बघा. मास्क एका संगणकावर काढलेला आणि चित्र दुसऱ्यावर सरळ केलेलं, असं असेल तर घाव सुखाने भलत्या गोलार्धात जाऊन बसतो.

सहावं काम : डावं-उजवं ठरवणारा साक्षीदार शोधा

जुळलेलं चित्र बघून हे ठरत नाही. मेंदूत थोडी असमानता असते, उजवं फ्रंटल किंचित पुढे आणि डावं ऑक्सिपिटल किंचित मागे आलेलं, पण ती सरासरीची गोष्ट आहे. एका रुग्णावरून निकाल देऊ नका. साक्षीदार बाहेरचा हवा : रिपोर्टातली बाजू, फिल्मवरचं आर किंवा एल अक्षर, रुग्णाच्या लुळ्या हाताची बाजू, एखाद्या शस्त्रक्रियेची कवटीवरची खूण. फिल्म बघताना लक्षात असू द्या की डॉक्टरांच्या पद्धतीत रुग्णाची उजवी बाजू पडद्याच्या डावीकडे असते, जणू आपण त्याला पायांकडून बघतोय. एफएसएल-आइज या चित्र दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ही पद्धत बदलायचं बटण आहे. ते कुठे आहे हे न बघता केलेला कोणताही निष्कर्ष फुकट.

नवे स्कॅन स्वतः करून घेणार असाल तर सगळ्यात स्वस्त उपाय व्हिटॅमिन ईची कॅप्सूल. रुग्णाच्या उजव्या कपाळावर टेपने चिकटवायची. टी-वनमध्ये ती पांढरीशुभ्र दिसते आणि पुढे कोणतंही सॉफ्टवेअर काहीही करो, उजवी बाजू स्वतःहून सांगते. आमच्या ओळखीच्या टेक्निशियन काकांनी पहिल्यांदा विचारलं, "क्या मैडम, टीका लगा रहे हो?" आता ते स्वतःच डबी काढून ठेवतात. कवटी काढण्याआधीचं चित्र जपून ठेवा, कॅप्सूल कवटीबरोबरच जाते.

पोराच्या सतरापैकी चौदा स्कॅन डायकॉममधून पुन्हा केल्यावर रिपोर्टांशी जुळले. उरलेले तीन एकाच सेंटरचे, तिथून फक्त निफ्टी मिळालं होतं, दोन्ही कोड शून्य, फिल्म हरवलेली, आणि रिपोर्टात दोन्ही बाजूंना जुने घाव. त्याने विचारलं, "ताई, अंदाजाने ठेवू का?" मी म्हटलं, तूच ठरव, पण परीक्षकाने विचारलं तर काय सांगशील ते आधी लिहून दाखव. तो बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग त्याने तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात तिन्ही नावांपुढे लिहिलं : बाजू अनिश्चित, वगळले. तोवर पोहे गार झाले होते. वर जिरावन मसाला टाकून ते तसेच खाल्ले.